वैद्यकीय विद्यार्थी आणि वस्तीतील आरोग्यशिक्षण

पावसाळा सुरू झाला की आरोग्य केंद्रांच्या नोंदवहीत जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची नावे वाढू लागतात. त्यांत लहान मुले पुष्कळ असतात, आणि त्यांचे पत्ते पाहिले तर त्याच त्या वस्त्यांची नावे पुनःपुन्हा येतात. पाणी जेथे टँकरने येते, गटार जेथे उघडे आहे आणि एका खोलीत जेथे सहा माणसे राहतात, अशा त्या वस्त्या होत. या आजारावरचे मुख्य औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. तरीसुद्धा डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी पडलेली, हाक मारली तरी न पाहणारे मूल उशिरा रुग्णालयात आणले जाते. औषधाची पुडी आणि ते मूल यांच्यामध्ये जे अंतर असते ते रस्त्याचे थोडे आणि माहितीचे अधिक असते. हे अंतर कमी करण्याच्या कामात वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा उपयोग कसा होतो, आणि कोठे होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही शिकले पाहिजे, ही कल्पना नवी नाही. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात 'सामाजिक वैद्य' घडविण्याची गरज सांगितली आणि वैद्यकीय शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकासाठी तीन महिने राखून ठेवावेत असे सुचविले. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने हाच विषय पुन्हा मांडला. त्यानंतर १९७७ पासून वैद्यकीय महाविद्यालये प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याची योजना आली व फिरती दवाखान्याची वाहने महाविद्यालयांना मिळाली. वाहने काही वर्षांनी थकली. कल्पना मात्र टिकली. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमातच घातला. त्यानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे तीन ते पाच कुटुंबे सोपविली जातात, आणि पुढील वर्षांतही त्याने त्याच घरी जावयाचे असते.

'त्याच घरी' या दोन शब्दांत या योजनेचे सारे बळ आहे. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ही प्रथा फार आधीपासून आहे. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव घेते, प्रारंभी गावात शिबिर करून राहते, आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांकडे पुढे जात राहते. गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यक-शस्त्रक्रिया शाळेपर्यंत मागे जाते. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. बांबोळीच्या या महाविद्यालयाचा प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभाग मंडूर येथील ग्रामीण केंद्राद्वारे व सांताक्रूझ येथील नागरी केंद्राद्वारे विद्यार्थ्यांना लोकांत नेतो. बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या शहरांतही वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि नव्या अभ्यासक्रमाने त्यांच्या विद्यार्थ्यांवरही हेच काम सोपविले आहे.

वस्तीत प्रथमच येणारा विद्यार्थी सामान्यतः अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. त्याच्या हाती तक्ते असतात आणि मनात नुकताच पाठ केलेला धडा असतो. तो अंगणवाडीत बायकांना जमवितो, तक्ता भिंतीला टांगतो आणि वीस मिनिटे बोलतो. बायका ऐकतात, माना हलवितात, 'समजले' म्हणतात. अहवालात एका व्याख्यानाची व चाळीस श्रोत्यांची नोंद होते. त्यातल्या किती घरी दुसऱ्या दिवशी काही बदलले, हे अहवाल सांगत नाही. खरे पाहता जिला हे सर्वांत अधिक सांगावयाचे ती बाई त्या वेळी वस्तीत नसतेच. ती सकाळी आठाला बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरच्या कामाला गेलेली असते, आणि आजारी बाळ आजीच्या किंवा नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. चिंबलचे इंदिरानगर, मडगावचा मोती डोंगर, झुआरीनगर अशा वस्त्यांतून कोकणी व मराठी यांच्या बरोबरीने कन्नड आणि हिंदी बोलणारी कुटुंबे राहतात. 'शौचानंतर हस्तप्रक्षालन' हे शब्द तर कोणत्याच घरात बोलले जात नाहीत. जुलाबाला त्या घरात कोणता शब्द आहे हे ज्याने विचारून घेतले नाही, त्याने पुढे काय सांगितले याला फारसे महत्त्व उरत नाही.

म्हणून जाणते अध्यापक पहिल्या दोन भेटींत विद्यार्थ्याला काही शिकवू देत नाहीत. त्याने फक्त विचारावयाचे आणि पाहावयाचे: पाणी कोठून येते, कशात साठते, भांड्यातून कसे काढतात, स्वयंपाक कोण करते, मूल आजारी पडले तर कोणाचा सल्ला घेतात, पैशाचा निर्णय कोणाच्या हाती असतो. या प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे अर्धा धडा घरानेच तयार करून दिलेला असतो. जुलाबाच्या एकाच विषयावरून हे नीट पाहता येईल.

मूल पातळ शी करू लागले की शरीरातील पाणी व क्षार बाहेर जातात. मूल दगावते ते बहुधा या कोरडेपणामुळे. यावर उपाय एकच: जेवढे गेले तेवढे परत भरणे. परंतु घरोघरी समजूत नेमकी उलट असते. 'पोटात काही ठरत नाही, मग पाणी पाजून आणखी का वाढवायचे?' असे आजी म्हणते, आणि तिचे म्हणणे वरवर पाहता तर्काला धरूनच असते. तिला अडाणी म्हणून काही साधत नाही. तळाला छिद्र असलेल्या घागरीचा दाखला अशा वेळी उपयोगी पडतो. गळती बुजेपर्यंत घागर रिकामी पडू द्यावयाची नसेल तर वरून ओतत राहिले पाहिजे, हे तिला एका वाक्यात पटते.

त्यानंतर पुडीचा प्रश्न येतो. क्षार-संजीवनीच्या मोठ्या पुडीत सुमारे साडेवीस ग्रॅम चूर्ण असते: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. साखरेच्या जोडीने मीठ गेले म्हणजे आजारी आतडेही ते शोषून घेते आणि त्यामागून पाणीही आत ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हे द्रावण अंगी लागते याचे कारण हेच. मात्र हे सारे प्रमाणावर अवलंबून आहे. ही पुडी एक लिटर पाण्यासाठी आहे. आईने ती पेलाभर पाण्यात कालविली तर द्रावण अतिशय खारट होते व मुलाला अपाय होऊ शकतो. अर्धी आज आणि अर्धी उद्या अशी अंदाजाने वापरली तरी प्रमाण चुकते. शिवाय औषधांच्या दुकानात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात. ती लहान पुडी लिटरभर पाण्यात घातली तर द्रावण इतके पातळ होते की क्षार भरून निघत नाहीत. दोन्ही पुड्या दिसावयास सारख्या, आणि पाकिटावरचे अक्षर बारीक!

'एक लिटर पाणी घ्या' असे सांगणे सोपे आहे. पण त्या घरात लिटरचे माप कोणते? येथे विद्यार्थ्याने तक्ता बाजूला ठेवून घरातील भांडी मागावी.

"मावशी, तुमच्याकडे पाणी प्यायचा तांब्या कोणता? तो द्या पाहू."

मग बरोबर आणलेल्या लिटरच्या बाटलीतील पाणी त्या तांब्यात ओतून पाहावे. एखाद्या घरी तांब्या काठोकाठ भरून लिटर होतो, दुसऱ्या घरी पाणी उरते, तिसऱ्या घरी तांब्या अर्धाच भरतो. बाजारातील शीतपेयाची रिकामी लिटरची बाटली बहुतेक घरी सापडते. ती स्वच्छ धुऊन तिच्यावर खूण केली तर घराला कायमचे माप मिळते. यानंतर विद्यार्थ्याने हात आवरावेत आणि पुडी आईच्याच हाती द्यावी. तिने हात धुवावे, माप भरावे, पुडी पूर्ण रिकामी करावी, ढवळावे आणि स्वतः चाखून पाहावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागू नये, ही जुनी खूण आजही उपयोगी आहे. एकदा स्वतःच्या हाताने केलेले द्रावण ती विसरत नाही. तयार केलेले द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे, हेही तेव्हाच सांगावे.

किती पाजावे? दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. उलट अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलाला जेवण चालू ठेवावे. गोव्यातील घराघरांत शिजणारी पेज, चिमूटभर मीठ घालून, या आजारात उत्तम. ताक आणि शहाळ्याचे पाणीही चालते. बाटलीबंद गोड पेये मात्र देऊ नयेत, कारण त्यांतील जादा साखरेने जुलाब वाढतात. अशी काही गोड पेये क्षार-संजीवनीचे नाव लावून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्या नावाच्या वापरास मनाई केली. तथापि दुकानातून पुडी घेताना मापाबरोबर नावही वाचावे हे बरे.

याच्या जोडीला जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. येथे चूक ठरलेली असते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. विद्यार्थ्याने आठव्या दिवशी पुन्हा फेरी मारून ती पट्टी पाहिली, तर उरलेल्या गोळ्या पोटात जाण्याची शक्यता वाढते. त्या भेटीला दोन मिनिटे पुरतात. व्याख्यानाने हे काम होत नाही.

आणि घरी थांबावयाचे केव्हा नाही, हे सर्वांत स्पष्टपणे सांगावयाचे. मूल सुस्त पडले, पाणी पिईनासे झाले, प्यायलेले सारे उलटू लागले, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू मागे गेली, किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठला पाहिजे. वाटेतही द्रावण पाजत राहावे. कातडीची चिमटी विद्यार्थ्याने निरोगी मुलाच्या पोटावर दाखवावी, म्हणजे आईला चांगली कातडी कशी झटकन मागे जाते ते कळते. वाईट ओळखण्यासाठी आधी चांगले पाहिलेले असावे लागते.

हे काम घरातील माणसांच्या हातून होऊ शकते याचा पुरावा ५० वर्षांहून जुना आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पिंपांतून कालवून ठेवले, आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांवर सोपविले. अशा साथीत शंभरांत तीसच्या आसपास जाणारे मृत्यू त्या छावणीत चारांच्याही खाली आले. पेला धरणारे हात आई-बापांचे व भावंडांचे होते.

पुढे बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी सेविका पाठवून एक कोटीहून अधिक मातांना मीठ, गूळ व पाणी यांचे द्रावण हाताने करावयास शिकविले. त्या प्रयोगातील दोन गोष्टी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी व त्यांच्या अध्यापकांनी लक्षात घेण्याजोग्या आहेत. सेविकेला मोबदला मिळे तो किती घरे केली यावर नव्हे. काही आठवड्यांनी दुसरीच व्यक्ती निवडक घरी जाऊन मातेला प्रश्न विचारी, आणि मातेला किती आठवते यावर सेविकेचे पैसे ठरत. दुसरी गोष्ट अशी की, प्रारंभी माता द्रावण अचूक करीत, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या ते वापरीत. शोध घेता असे दिसले की खुद्द काही सेविकांचाच त्यावर विश्वास नव्हता. त्या स्वतःच्या जुलाबावर गोळ्या घेत. शिवाय घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. सेविकांना पुन्हा शिकविण्यात आले आणि पुरुषांशी बाजारात व मशिदीत बोलणी सुरू झाली, तेव्हा वापर वाढला.

आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कामाचे मोजमापही या रीतीने करणे अवघड नाही. व्याख्यानांची संख्या लिहिण्याऐवजी महिन्याने दुसऱ्या तुकडीतील विद्यार्थ्याने पाच घरी जावे व आईला द्रावण करून दाखविण्याची विनंती करावी. पाचांपैकी दोघींनीच बरोबर केले तर तो दोष त्या तिघींचा मानू नये. शिकविणाऱ्याने आपली रीत तपासावी. विद्यार्थ्याला गुण द्यावयाचे तर या नोंदीवर द्यावेत.

डेंग्यूच्या बाबतीतही घर पाहिल्याशिवाय दिलेला उपदेश फसतो. 'पाणी साठवू नका' असे ज्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी येते तेथे सांगणे म्हणजे लोकांची थट्टाच होय. पिंप भरणे त्यांना भागच आहे. म्हणून पिंप झाकावे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे, हे सांगावयाचे. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटतात व कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते ओतून चालत नाही. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्याचा नेम त्यावरूनच आला. पिंपातील वळवळणाऱ्या अळ्या काचेच्या पेल्यात घेऊन शाळेतील मुलांना दाखविल्या म्हणजे ती मुलेच घरोघरी पिंपे तपासत फिरतात.

वस्तीतील लोक या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' म्हणू लागतात. हा मान गोड असला तरी जपून घ्यावयाचा आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या अधिकारात औषध देऊ नये. रुग्णाला केंद्रात पाठवावे, शक्य तर स्वतः बरोबर जावे. एका घरचा आजार दुसऱ्या घरी बोलू नये. क्षयरोगाची गोष्ट एका तोंडातून बाहेर पडली तर त्या घराची खोली जाते, मुलीचे लग्न अडते आणि रुग्ण सहा महिन्यांचा उपचार मध्येच सोडून दुसऱ्या गावी निघून जातो. छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी विचारणे हीदेखील याच सभ्यतेतील गोष्ट होय. मोठी शिबिरे हे विसरतात.

काही प्रश्न विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. पिण्याच्या पाण्याची वाहिनी गटारातून जात असेल तर हात धुण्याचा धडा कितीही चांगला दिला तरी अतिसार थांबणार नाही. अशा वेळी लोकांच्या सवयींना नावे ठेवणे अन्यायाचे ठरते. विद्यार्थ्याने आढळलेली वस्तुस्थिती घर, दिवस व ठिकाण यांसह लिहून आपल्या अध्यापकांमार्फत आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि पुढच्या भेटीत तिचे काय झाले हे लोकांना सांगावे. पंचायत व पाणीपुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांनी ही टिपणे विद्यार्थ्यांचा अभ्यास म्हणून बाजूला ठेवू नयेत. घरोघर फिरून केलेली अशी पाहणी त्यांना एरवी सहजी मिळत नाही.

पंचायतीने थोडे केले तरी पुष्कळ होते. भेटीचा वार रविवार किंवा संध्याकाळ ठरवावा, म्हणजे कामावर जाणारी माणसे घरी सापडतात. कन्नड किंवा हिंदी उत्तम बोलणारी वस्तीतीलच एखादी बाई विद्यार्थ्यांबरोबर द्यावी. अंगणवाडी सेविकेस आधी कळवावे. घरांची माहिती तिला असते आणि विद्यार्थी परतल्यावरही ती तेथेच असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा तास शाळेत घेऊ द्यावा, पण त्या दिवशी मुलांनी घरून पाण्याचे भांडे आणावे असेही सांगून ठेवावे.

राहता राहिला तुकडी बदलण्याचा प्रश्न. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांचे येणे थांबते, आणि ज्या घराने तीन वर्षे दार उघडले त्या घराला कोणी निरोपही देत नाही. यासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्या घरी एकदा जावे, त्याची ओळख करून द्यावी आणि कुटुंबाची वही त्याच्या हाती द्यावी. वहीत बाळाच्या लसींच्या तारखा, आजोबांच्या रक्तदाबाचे आकडे, आणि त्या घरात किती तांब्यांचा लिटर होतो, हे लिहिलेले असावे.